कुर्डुवाडी जंक्शन आणि अडीच फुटी रुळांचे गणित

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या नव्या लोहमार्गाची बातमी छापून आली की तिच्याखाली दोन प्रश्न हमखास विचारले जातात. रेल्वे गावाला लागून का जात नाही, स्टेशन नेहमी लांबच का असते, हा पहिला. आणि पूर्वी आपल्या भागात छोटी गाडी होती, ती चालू ठेवली असती तर काय बिघडले असते, हा दुसरा. विदर्भात ‘शकुंतले’बद्दल आणि सोलापूर-लातूरकडे ‘बार्शी लाइट’बद्दल हा दुसरा प्रश्न विशेष जिव्हाळ्याने विचारला जातो. दोन्ही प्रश्नांची उत्तरे माढा तालुक्यातील कुर्डुवाडी या एका स्टेशनाच्या इतिहासात एकत्र सापडतात. कुर्डू गावाच्या या वाडीला जे महत्त्व आले, ते तिच्या स्वतःच्या मालामुळे, देवस्थानामुळे किंवा बाजारामुळे आलेले नाही. दुसऱ्या गावांची गैरसोय जिथे येऊन थांबत होती, ती जागा कुर्डुवाडी होती, एवढेच तिचे भाग्य. आणि ती गैरसोय कशी निर्माण झाली हे समजले की रेल्वेचे बरेचसे अर्थकारण आपोआप उलगडते.

बार्शीचे स्टेशन कुर्डुवाडीत कसे?

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलण्यातली ‘जीआयपी’, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, तेव्हा बोरघाट अजून पोखरायचा होता आणि प्रवाशांना मधला चढ पालखीने, तट्टावरून किंवा पायी पार करावा लागे. घाटाचे काम १८६३ मध्ये पुरे झाले. त्याआधीच, १८६० मध्ये, पुण्याकडून निघालेले रूळ सोलापूरला पोहोचले होते. हा मार्ग सोलापूर जिल्ह्याच्या सोयीसाठी आखलेला नव्हता. त्याचे लक्ष्य रायचूर होते. तिथे मद्रासकडून येणारी रेल्वे भेटून मुंबई आणि मद्रास हे दोन इलाखे जोडले जाणार होते, आणि ते १८७१ मध्ये जोडले गेले.

असा लांब पल्ल्याचा मुख्य मार्ग आखणारा इंजिनीअर प्रत्येक पेठेच्या वेशीला हात लावत जात नाही. वळण म्हणजे जास्तीचे रूळ, चढ म्हणजे जास्तीचा कोळसा, आणि हे दोन्ही खर्च मार्ग चालू असेपर्यंत दररोज होत राहतात. म्हणून जीआयपीच्या रुळांनी भीमेच्या खोऱ्यातला सपाट प्रदेश धरला. बालाघाटाच्या पायथ्याशी असलेली बार्शी त्यामुळे ईशान्येला सुमारे ३५ किलोमीटर बाजूला राहिली.

बार्शी त्या काळी साधे गाव नव्हते. तिच्या भोवती बहुतांशी निजामाचा मुलूख होता, घाटावरचा कापूस, करडई आणि जवस उतरून तिथल्या अडतीत येई आणि तिथून मुंबईला जाई. एवढी मोठी पेठ रेल्वेच्या नकाशावर दिसली पाहिजे, म्हणून तिच्याकडे जाणारा रस्ता जिथे रुळांना मिळतो त्या जागी कंपनीने स्टेशन बांधले आणि त्याला ‘बार्शी रोड’ असे नाव दिले. नाशिक रोड, लातूर रोड, जत रोड ही नावे याच पद्धतीची आहेत. स्टेशनची इमारत ज्या वाडीच्या जमिनीवर उभी होती, त्या वाडीचे नाव पाटीवर यायला फार काळ जावा लागला.

सुरुवातीची जवळपास चार दशके बार्शीचा माल या स्टेशनापर्यंत बैलगाडीनेच येत राहिला. भरलेली बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जाते, म्हणजे बार्शीहून निघालेल्या गाडीवानाला वाटेत मुक्काम आलाच. पावसाळ्यात काळ्या जमिनीतून चाके ओढताना त्याहूनही अधिक वेळ लागणार. बार्शी रोडहून मुंबईपर्यंतचा प्रवास रेल्वेने कितीही जलद केला, तरी पहिल्या ३५ किलोमीटरचा वेग बैलाच्या पायाचाच होता. हे अंतर रुळांनी भरून काढावे ही कल्पना कोणालाही सुचली असती. अडचण होती ती खर्चाची.

गेज म्हणजे काय, आणि ते कमी केल्याने पैसा कसा वाचतो?

दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला गेज म्हणतात. भारतातील मुख्य मार्ग साडेपाच फुटांचे, म्हणजे १,६७६ मिलिमीटरचे आहेत, ते ब्रॉडगेज. १८७० नंतर सरकारने स्वस्तातले मार्ग म्हणून मीटरगेज स्वीकारले. त्याहून अरुंद ते सगळे नॅरोगेज, आणि त्यातही दोन प्रकार आहेत: अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे, आणि दोन फुटांचे. नेरळहून माथेरानला जाणारी गाडी दोन फुटांवर चालते. बार्शी लाइट अडीच फुटांवर चालत असे.

अरुंद गेज स्वस्त पडते याचे कारण लोक सहसा ‘रूळ जवळजवळ, म्हणून जमीन कमी’ असे सांगतात. ते खरे असले तरी त्याचा वाटा लहान आहे. मोठी बचत वळणात होते. रेल्वेची दोन्ही चाके एकाच आसावर, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या दांड्यावर, पक्की बसवलेली असतात, त्यामुळे ती एकदमच फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या रुळाची लांबी आतल्या रुळापेक्षा जास्त असते, आणि दोन रूळ जितके दूर तितका हा फरक वाढतो. चाकांच्या उतरत्या कडा हा फरक काही प्रमाणात सांभाळून घेतात. त्यापलीकडे चाके घासटू लागतात, रूळ झिजतात आणि गाडी घसरण्याची भीती निर्माण होते. म्हणून ब्रॉडगेजला मोठी, संथ वळणे लागतात. ७६२ मिलिमीटरचे गेज ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी असल्याने ते आखूड वळण घेऊ शकते. आखूड वळण घेता आले की टेकडी आडवी आल्यास ती फोडावी लागत नाही, तिला वळसा घालता येतो; ओढा आडवा आल्यास त्याच्या अरुंद जागी जाऊन मोरी बांधता येते. माती कमी खणावी लागते, भराव कमी घालावा लागतो, पूल लहान होतात. खर्चाचे खरे आकडे या मातीकामात आणि पुलांतच दडलेले असतात.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप आणि पाच टनांचा नियम

एवढेच असते तर बार्शी लाइट ही इतर अनेक छोट्या गाड्यांसारखी एक गाडी ठरली असती. तिचे नाव रेल्वेच्या इतिहासात राहिले ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनीअरमुळे. १८५७ मध्ये जन्मलेला कॅलथ्रॉप १८८२ मध्ये जीआयपीच्या इंजिन विभागात नोकरीसाठी भारतात आला. मुख्य मार्गाला माल आणून देणाऱ्या लहान फाट्यांचा प्रश्न तेव्हापासून त्याच्या डोक्यात होता. नोकरी सोडून इंग्लंडला परतल्यावरही त्याने बार्शीचा नाद सोडला नाही. परवानग्या आणि भांडवल यांच्या मागे वर्षे घालवल्यावर १८९५ मध्ये ‘बार्शी लाइट रेल्वे कंपनी’ उभी राहिली, आणि १८९७ मध्ये, ऐन दुष्काळाच्या साली, बार्शी रोड ते बार्शी टाउन ही गाडी सुरू झाली.

कॅलथ्रॉपने काय वेगळे केले हे समजण्यासाठी एकच पारिभाषिक शब्द लागतो: आसभार. रेल्वेचे इंजिन किंवा डबा ज्या आसांवर उभा असतो, त्यांपैकी एका आसावर येणारे वजन म्हणजे आसभार. रूळ, त्याखालचे स्लीपर आणि पूल किती भक्कम असावेत हे मुख्यतः आसभारावर ठरते. आषाढीच्या वाटेवर पालखी खांद्यावर घेताना काय होते ते आठवावे. चार खांद्यांना जे ओझे जड जाते, ते आठ खांद्यांना सहज पेलते. पालखीचे वजन तेवढेच राहते, प्रत्येक खांद्याच्या वाट्याला येणारा भार मात्र निम्मा होतो. रुळाच्या दृष्टीने प्रत्येक आस हा असा एक खांदा आहे.

कॅलथ्रॉपने नियम घातला की आपल्या मार्गावरील कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, मग तो आस इंजिनाचा असो, मालडब्याचा असो की प्रवासी डब्याचा. त्याआधीच्या स्वस्त मार्गांवर डबे हलके असत आणि इंजिन मात्र जड. परिणामी सगळे रूळ आणि सगळे पूल त्या एका इंजिनासाठी भक्कम करावे लागत, आणि बाकीची गाडी त्या भक्कमपणाचा काहीच उपयोग करून घेत नसे. कॅलथ्रॉपने ही उधळपट्टी दोन्ही बाजूंनी थांबवली. लीड्सच्या किटसन कंपनीने त्याच्यासाठी बांधलेल्या इंजिनांना ओढणारी आठ चाके आणि मागे भार वाहणारी चार चाके होती, म्हणजे एकूण सहा आस. सुमारे तीस टनांचे इंजिन त्यामुळे पाच टनांच्या नियमात बसले. मालडबे त्याने दोन आसांऐवजी चार आसांचे केले. साधा गुणाकार केला तरी भरलेला डबा वीस टनांपर्यंत जाऊ शकतो हे दिसते. आणि हे सगळे ज्या रुळांवरून धावत होते त्यांचे वजन यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो होते. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ घालतात, यावरून तो किती बारीक होता याची कल्पना येईल.

हे सगळे कागदावरचे गणित आहे आणि प्रत्यक्षात चालणार नाही, असे म्हणणारे त्या काळातही होते. म्हणून इंजिने आणि डबे भारतात पाठवण्याआधी कॅलथ्रॉपने लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीचा मार्ग टाकून ते चालवून दाखवले. या गृहस्थाने पुढे इंग्लंडमध्ये याच गेजचा एक छोटा मार्ग बांधला आणि आयुष्याच्या उत्तरार्धात वैमानिकांसाठी पॅराशूटही तयार केले. भार कसा आणि कशावर टाकायचा हा विषय त्याने शेवटपर्यंत सोडला नाही, असे गमतीने म्हणता येईल.

म्हणजे ती खेळण्यातली गाडी होती का?

माथेरानच्या गाडीमुळे ‘नॅरोगेज म्हणजे मुलांची हौस’ असा एक समज रुजला आहे. बार्शी लाइटच्या मालडब्यांचा सांगाडा २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद होता, म्हणजे खालच्या रुळांतील अंतराच्या जवळपास तिप्पट रुंदीचा डबा वर उभा असे. हे सांगाडे सगळ्या डब्यांना सारखेच ठेवलेले होते, त्यामुळे सुटे भाग एकमेकांना चालत आणि दुरुस्ती सोपी जाई. माथेरानच्या मार्गाने डोंगर चढायचा होता आणि प्रवासी हौशी होते; बार्शीच्या मार्गाने कापसाच्या गाठी, सरकी आणि धान्य वाहायचे होते आणि त्यावर भागधारकांना पैसे मिळवून द्यायचे होते. गेज दोघांचेही अरुंद, म्हणून दोघांना एका पंक्तीत बसवणे बरोबर नाही.

वेगाच्या बाबतीत मात्र टीकाकारांचे म्हणणे मान्य करावे लागते. बारीक रूळ, आखूड वळणे आणि थोड्या थोड्या अंतरावरचे थांबे यांमुळे बार्शी लाइट मंदच चालली. तुलना बैलगाडीशी होती तोवर त्याचे कोणाला वाईट वाटले नाही. तुलना एस. टी.शी होऊ लागली तेव्हा चित्र पालटले.

पंढरीची वाट

बार्शीच्या व्यापाऱ्यांसाठी आखलेल्या या मार्गाला दुसरे मोठे गिऱ्हाईक अगदी शेजारी होते. मुंबई-पुण्याकडून रेल्वेने पंढरपूरला जाणारे यात्रेकरू पूर्वीपासून बार्शी रोडलाच उतरत आणि पुढचे सुमारे पन्नास किलोमीटर बैलगाडीने, टांग्याने किंवा पायी जात. म्हणजे ‘बार्शी रोड’ हे व्यवहारात पंढरपूरचेही स्टेशन होते. आषाढी-कार्तिकीला एका लहानशा वाडीच्या फलाटावर किती माणूस उतरत असेल याचा अंदाज आजही एकादशीच्या आदल्या दिवशी तिथे उभे राहिल्यास येतो.

बार्शीचा फाटा चालतो हे सिद्ध झाल्यावर कंपनीने दुसऱ्या बाजूला, मोडनिंबवरून पंढरपूरपर्यंत रूळ नेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही गाडी सुरू झाली. पूर्वेकडे बार्शीच्या पुढे येडशीचा घाट चढून मार्ग निजामाच्या मुलखात शिरला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचला. पश्चिमेकडे पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ असे करत तो १९२७ मध्ये मिरजेला जाऊन मिळाला. ३५ किलोमीटरचा फाटा तीस वर्षांत सुमारे ३२५ किलोमीटरचा मार्ग झाला होता. त्याच्या एका टोकाला लातूरची पेठ, दुसऱ्या टोकाला मिरजेचे मोठे जंक्शन, आणि बरोबर मध्ये मुंबई–मद्रास मार्गाला छेदणारे आपले ठिकाण, अशी मांडणी तयार झाली.

जंक्शन म्हणजे केवळ दोन मार्ग मिळण्याची जागा नव्हे. तिथे इंजिनात पाणी भरायचे असते, कोळसा साठवायचा असतो, ड्रायव्हर-गार्डच्या पाळ्या बदलायच्या असतात, बिघडलेले डबे दुरुस्त करायचे असतात. या छोट्या गाडीचा कारखाना कुर्डुवाडीतच होता. फिटर, लोहार, सुतार, रंगारी, कारकून अशा लोकांची कुटुंबे इथे आली, त्यांच्यासाठी रेल्वेच्या चाळी उठल्या, चाळींसाठी बाजार भरू लागला. शेतीवर न जगणारा, महिन्याला पगार घेणारा वर्ग माढा तालुक्यात एवढ्या संख्येने आधी नव्हता.

सुरुवातीलाच ब्रॉडगेज टाकली असती तर?

हा आक्षेप सर्वाधिक वेळा घेतला जातो आणि तो वरवर बिनतोड वाटतो. शंभर वर्षांनी ब्रॉडगेज करावीच लागली, मग आधीच का केली नाही? याचे उत्तर पैसा कोण घालत होते त्यात आहे. जीआयपीच्या मुख्य मार्गाला सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती. मार्ग तोट्यात गेला तरी लंडनमधल्या भागधारकाला व्याज मिळत होते, आणि ते भारतातल्या करातून दिले जाई. अशी हमी असली की इंजिनीअरला भक्कम आणि महाग बांधण्याची चैन परवडते. फाट्यांच्या वाट्याला तसली उदारता येणे कठीण होते. बार्शीसारख्या एका पेठेच्या मालावर ब्रॉडगेजचे मातीकाम, जड पूल आणि जड रूळ यांचा खर्च निघणे शक्य नव्हते. त्यामुळे खरा पर्याय ‘नॅरोगेज की ब्रॉडगेज’ असा नव्हताच. ‘नॅरोगेज की बैलगाडी’ असा होता. ज्यांना अडीच फुटी रुळांत इंग्रजांचा कंजूसपणा दिसतो, त्यांनी या हमीचा हिशेबही सोबत मांडावा. मला स्वतःला त्यात कंजूसपणापेक्षा मोजूनमापून केलेला खर्च अधिक दिसतो, आणि दुर्दैवाने तो त्या काळात अपवादानेच होत असे.

गेज बदलते तिथे माल कसा पुढे जातो?

या शहाणपणाची किंमत मात्र दररोज मोजावी लागे, आणि ती मोजण्याची जागा कुर्डुवाडीचा माल-फलाट ही होती. अडीच फुटांवरचा डबा साडेपाच फुटांवर जाऊ शकत नाही. लातूरहून मुंबईला निघालेल्या कापसाच्या गाठीची गोष्ट घेतली तर ही अडचण डोळ्यांपुढे येते. दाबून बांधलेली गाठ साधारण पावणेदोनशे किलोची असते. ती लातूरला हमालांनी छोट्या डब्यात चढवलेली. कुर्डुवाडीत छोटा डबा एका बाजूला आणि मोठा डबा दुसऱ्या बाजूला उभा करायचा, दोन्हींच्या तळाची उंची सारखी नसल्याने मध्ये फळी टाकायची, आकड्याने गाठ ओढून ती फळीवरून पलीकडे ढकलायची. नग मोजायचे, वजन पडताळायचे, बिल्टीशी, म्हणजे मालाच्या पावतीशी, ताडून पाहायचे, कारण इथे माल एका कंपनीच्या ताब्यातून दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात जात होता आणि नग कमी भरला तर तो कोणाच्या हद्दीत हरवला हा वाद ठरलेला. मोठा डबा वेळेवर आला नाही तर माल फलाटावर पडून राही. वळवाचा पाऊस आला तर भिजे.

ही हाताळणी टाळण्याच्या युक्त्या कॅलथ्रॉपला ठाऊक होत्या. इंग्लंडमधल्या त्याच्या मार्गावर मोठ्या गेजचा अख्खा डबा खास बनवलेल्या अरुंद गेजच्या गाड्यावर चढवून पुढे नेत असत. आपल्याकडे मात्र हे काम हमालाच्या पाठीवर राहिले.

मालाला जो खर्च होता, तीच कुर्डुवाडीची कमाई होती. हमाल, माथाडी, कारकून, कारखान्यातला फिटर, गाडी बदलायला उतरलेल्या प्रवाशाला चहा देणारा, रात्रीची गाडी चुकलेल्याला खोली देणारा, या सगळ्यांचे पोट दोन रुळांमधील फरकावर चालत होते. मिरजेलाही असेच झाले. तिथे तर एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज एकाच स्टेशनात नांदत होती.

मग ती बंद का केली?

केंद्र सरकारने १९५४ मध्ये बार्शी लाइट विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. तोपर्यंत मूळ गणितातील दोन गृहीतके बदललेली होती. पहिले असे की तिची स्पर्धा आता बैलगाडीशी राहिलेली नव्हती. ट्रक लातूरच्या अडतीसमोर माल भरून थेट मुंबईतल्या गोदामासमोर उतरवत होता. मध्ये फळी, आकडा, बिल्टीचा वाद यांपैकी काही नव्हते. दुसरे असे की पाच टनांच्या आसभारात कितीही कौशल्य दाखवले तरी त्याला मर्यादा होती, आणि बाकीचे रेल्वेजाळे त्याच्या कितीतरी पुढे निघून गेले होते. देशातील मार्ग एकाच गेजचे करण्याचा कार्यक्रम १९९२ मध्ये हाती घेण्यात आला. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात आधी कुर्डुवाडी–पंढरपूर, मग २००८ पर्यंत लातूर–कुर्डुवाडी आणि त्यानंतर पंढरपूर–मिरज असे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले.

जुन्या गाडीची आठवण काढून हळहळणाऱ्यांनी एप्रिल २०१६ मधील एक घटना लक्षात घ्यावी. लातूर शहराचे पाणी संपले, तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने पाठवण्यात आले. पहिली गाडी ११ एप्रिलला मिरजेहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. तिला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची, म्हणजे एका खेपेला सुमारे २५ लाख लिटरची गाडी धावू लागली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा तिचा मार्ग म्हणजे बार्शी लाइटचाच मार्ग. आता पाच टनांचा नियम या गाडीला लावून पाहू. एका वाघिणीतील पाणीच ५० टन, वाघिणीचे स्वतःचे वजन आणखी २७ टनांच्या आसपास, आस चार. म्हणजे प्रत्येक आसावर वीस टनांच्या जवळ भार. जुन्या रुळांनी हा भार सोसला नसता. शिवाय या वाघिणी राजस्थानातील कोटा येथे आतून वाफेने धुऊन आणलेल्या होत्या. मार्ग अडीच फुटी असता तर त्या मिरजेच्या पुढे एक इंचही सरकल्या नसत्या, आणि एवढ्या घाईत अडीच फुटी टाक्या कुठूनही मिळाल्या नसत्या. कोणत्याही राज्यातील डबा कोणत्याही गावी नेता येणे, हा एका गेजचा लाभ एरवी कागदावर कोरडा वाटतो. लातूरकरांना तो त्या उन्हाळ्यात घागरीत मोजता आला.

कुर्डुवाडीचे काय झाले?

गेजबदल संपल्यावर कुर्डुवाडी जंक्शन राहिलेच; उलट पंढरपूर, मिरज आणि लातूरकडच्या गाड्या आता इथून थेट जाऊ लागल्या. परंतु थेट जाणारी गाडी आणि थांबून बदलावी लागणारी गाडी यांत गावाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. मुंबईहून लातूरला जाणारा प्रवासी रात्री इथून झोपेतच पुढे जातो. त्याला उतरावे लागत नाही, चहा लागत नाही, खोली लागत नाही. मालाची हाताळणी तर पूर्णच थांबली. एकाच गेजचा फायदा लाखो लोकांत थोडा थोडा वाटला गेला आणि तोटा एका गावात साठला, म्हणून फायद्याची बातमी झाली नाही आणि तोटा मात्र कुर्डुवाडीच्या जुन्या लोकांच्या बोलण्यात राहिला. तरीही ‘गाव जगावे म्हणून अडचण चालू ठेवा’ असा युक्तिवाद टिकणारा नाही, कारण ती अडचण लातूरचा शेतकरी आपल्या क्विंटलमागच्या भावातून भरत होता. कुर्डुवाडीला हक्काने मागता येईल ते वेगळेच आहे: रेल्वेने आपल्या सोयीसाठी वसवलेल्या कारखान्याला आणि कामगारांना नवे काम.

राहिला पहिला प्रश्न, मार्ग गावाला टाळून का जातो हा. बार्शी लाइटचा जुना मार्ग येडशीहून कळंब रोड, ढोकी, मुरूड असा लातूरकडे जात होता आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेले उस्मानाबाद, आजचे धाराशिव, त्यातून बाजूलाच राहिले होते. ब्रॉडगेज करताना ही आखणी बदलून मार्ग मुद्दाम धाराशिवला वळवण्यात आला. त्यासाठी जास्तीचे रूळ टाकावे लागले आणि लातूरच्या प्रवाशाचा काही वेळ कायमचा वाढला. लंडनच्या भागधारकाला उत्तर देणाऱ्या कंपनीने हे वळण घेतले नव्हते. मतदाराला उत्तर देणाऱ्या सरकारने ते घेतले. नव्या सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्गावर एखाद्या गावाचे स्टेशन किती लांब पडेल हा वाद याच दोन हिशेबांमधला आहे, आणि दर किलोमीटरला तो नव्याने सोडवावा लागणार आहे.